बुबुळावरचा पांढरा ठिपका

धाकट्या, तू सुतार. डावा डोळा मिटून उजव्याने फळीची कड जोखणारा. त्याच उजव्यात लाकडाची बारीक कपची उडाली. मग तुमच्या कारखान्याची ती अक्कल! थोरल्या मिस्त्रीने पापणी उलटी केली आणि रुमालाच्या टोकाने कपची टिपली. वर्षानुवर्षं सगळ्यांचे डोळे त्याच रुमालाने पुसतो मेला. वर म्हणाला, "झालं! लाग कामाला."

डोळा लाल झाला तेव्हा तरी बहिणीला सांगायचंस! पण तुझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब घरात होतेच, तेच त्यांनी घातले. लाली उतरली, ठणका कमी झाला, सासूबाईंचं घरभर कौतुक. अरे, ते स्टेरॉइड होतं. वरून आराम, आत बुरशीला रान मोकळं.

माझ्या दारात आलास तेव्हा बुबुळावर दूध गोठल्यासारखा ठिपका होता. उजेड सोसवत नव्हता. मी तशीच तुला घेऊन डोळ्यांच्या दवाखान्यात निघाले.

डॉक्टरीणबाईंनी डोळा बधिर केला, ठिपका खरवडला, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "बुरशीच आहे. लाकडातून शिरते. ती थेंबांची बाटली आधी फेका."

"डोळा जाईल?" तू विचारलंस.

"बुबुळ पातळ झालंय. भोक पडलं तर..." तू माझं मनगट असं आवळलंस की बांगडी रुतली.

मग दर तासाला नवे थेंब. प्रत्येक वेळी तुझं तेच, "ताई, वाढला का गं?" मी टॉर्च धरायचे. "हलू नकोस," एवढंच म्हणायचे.

भोक पडलं नाही, बुरशी मेली. पण पांढरा व्रण राहिला. त्या डोळ्याला हात दिसतो, बोटं मोजता येत नाहीत. डाव्याने जोखायला गेलास तर कड तिरपी निघते आणि थोरला मिस्त्री खिदळतो, "फळी सरळ आहे रे, सुतार वाकडा झालाय!"

मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवता येईल, विचारायला या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मढ्याच्या डोळ्याने बघू?" म्हणून तू हसण्यावारी नेलंस. मग हळूच म्हणालास, "ताई, तेही सडलं तर?" ते डॉक्टरीणबाईंनाच विचारू म्हणून सोमवारी जायचं ठरवलं. मी चपला घालून तुझ्या दारात उभी, तर तुझ्याकडे पाहुणे. पुढच्या सोमवारी तुला गिऱ्हाईक आठवलं. नंतर मीही वार विचारायचं सोडलं. आपलं ते जाणं काही झालं नाही.