बाजेच्या उशाची लाकडं

आमच्याकडे बाळंतिणीच्या शेक-अंघोळीची लाकडं वेगळी काढतात आणि फोडून, वाळवून तिच्याच खोलीत रचतात. पावसात बाहेरचं लाकूड भिजतं, भिजलेलं धूर करतं, आणि तो धूर तान्ह्याच्या डोळ्यांत जातो. रीत खुळी नाही. खुळा मी होतो.

बहीण रोह्याहून बाळंतपणाला पेणजवळच्या आमच्या गावी आली, तेव्हा तिची लाकडं मी रचली. त्याच महिन्यात मी आमच्या मंडळाची, साप चावू नये म्हणून काढलेली पत्रकं रामवाडीत वाटत होतो: लाकूड विटांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब, निजायच्या खोलीत तर नकोच. घरात मात्र सगळा ढीग थेट जमिनीवर, भिंतीला चिकटून, बाजेच्या उशाशी. विटा परसाच्या टोकाला होत्या. आणायचा कंटाळा केला, दुसरं कारण नाही.

बाळ नऊ दिवसांचं होतं. दुपारी आई लाकूड घ्यायला वाकली आणि तशीच थांबली. ढिगातून आवाज येत होता, खर्र खर्र, सावकाश करवत चालवल्यासारखा.

“फुरसं हाय,” ती हळूच म्हणाली.

तिचा हात ढिगापासून वीतभर होता. बहीण बाजेवर बसून पायानं चपला चाचपत होती.

“पाय वर घे!” मी ओरडलो.

“घेतले. बोंबलू नको, बाळ उठंल.”

“हलू नको गो,” आई म्हणाली आणि हात इंचाइंचानं मागं घेत उंबऱ्याशी आली.

खोली एवढीशी. बाजेवरून उतरायचं तर ढिगाला घासूनच. मी ओटीवरची लांब फळी आणली, एक टोक उंबऱ्यावर, दुसरं बाजेवर टेकवलं. आवाज थांबला, आणि ते जास्त वाईट होतं. आता ते कुठे आहे, कळेना. बहिणीनं बाळ दुपट्यात घट्ट बांधलं, फळीवर ठेवलं आणि पुढे सरकवत सरकवत स्वतः रांगत निघाली. टाके ओले होते. ओठ चावून ती अर्ध्यावर आली, बाळ मी उचललं, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाली, “ह्ये पण लिवलंयस का रे पत्रकात?”

सर्पमित्राला पेणहून यायला तास लागला. फुरसं सगळ्यात खालच्या लाकडाखाली होतं, मातीला चिकटून.

संध्याकाळी ढीग पडवीत हलवला. विटांवर, वर ताडपत्री.

“आणि रोज आत आणनार कोन?” आईनं विचारलं. “मीच ना?”

“मी. रोज त्या दिवसापुरतं.”

“सभा असली तरी?”

“सभा असली तरी.”

पत्रकात आम्ही ‘लाकूड बाहेर ठेवा’ असं ठणकावून छापलं होतं. भर पावसात ते आत कोण आणणार, यावर एक शब्द नाही. कारण आणणारी ठरलेलीच असते, आणि पत्रक लिहिणारे आम्ही सगळे पुरुष. नव्या पत्रकात मी ओळ घातली: काठीनं ठोकून मगच उचला, आणि आत पुरुषांनी आणा. छापखानेवाला म्हणाला, “शेवटचं काढ, लोक हसतील.”

हसू देत. ओळ राहिली. आणि बहीण रोह्याला परत जाईपर्यंत मी रोज सकाळी लाकडं ठोकून आत आणली.