बासष्ट मीटरांच्या वहिनी

४ जानेवारीला अठरा लाख बेचाळीस हजार सातशे रुपयांचे कोटेशन माझ्या टेबलावर आले. कारखान्यातील सगळे जुने मीटर काढायचे, त्या जागी सेन्सर बसवायचे आणि ते एका डॅशबोर्डला जोडायचे, म्हणजे बासष्टच्या बासष्ट आकडे ऑफिसच्या भिंतीवरील मोठ्या पडद्यावर दिसतील, असा तो प्रस्ताव होता. शेवटच्या पानावर बचतीचा तक्ता होता. त्यात वाफ, वीज, पाणी आणि चौथ्या ओळीत ‘मीटर-वाचक, एक पद’. हिशेब विभागाचा प्रमुख म्हणून त्यावर टिपण मीच लिहिले: ३१ मार्चनंतर हे पद बंद करता येईल. बेरीज-वजाबाकी बरोबर होती.

ते पद म्हणजे वहिनी.

आमच्या कारखान्यात हॉस्पिटलांच्या चादरी, गाउन आणि टॉवेल धुतले जातात. धुण्याची अकरा मशिने, सुकवण्याची सात, इस्त्रीचे दोन लांब रोलर आणि एक बॉयलर. वहिनींचे यजमान या बॉयलरवर होते. त्यांना सगळे दादा म्हणत, म्हणून या वहिनी. अकरा वर्षांपूर्वी दादांचे गुडघे गेले, बॉयलरचा जिना चढवेना, तेव्हा त्यांनी घर धरले आणि वहिनी कामाला लागल्या. दर दोन तासांनी वही घेऊन फेरा मारायचा, बासष्ट मीटर वाचायचे आणि लिहायचे, हे त्यांचे काम.

त्यांच्या आधीचे गृहस्थ खुर्ची सोडत नसत. सकाळी एकदा फिरायचे आणि मग दिवसभर वरचाच आकडा खाली उतरवायचे. अक्षर इतके सुरेख की वहीवर शंका घ्यायची कुणाची छाती झाली नसती. वहिनींच्या वहीत मात्र पहिल्याच आठवड्यात सात रकाने कोरे निघाले. मालकांनी बोलावून घेतले. वाफेमुळे काटा दिसला नाही म्हणून लिहिले नाही, असे वहिनींनी सांगितले. अशा वेळी अंदाजाने लिहावे, असे मालकांनी सुचवले.

“अंदाज तर तुम्हालाही करता येतो, मालक,” वहिनी म्हणाल्या. “त्याचा पगार मला कशाला देता?”

मालकांना हसू आले. त्या कोपऱ्यात पंधरा दिवसांत पंखा बसला.

मी त्यांच्या घरी दोनदा गेलो आहे. एका शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासूबाईंची खाट, आत स्वयंपाक आणि मुलीचे अभ्यासाचे टेबल. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिची फी वहिनींच्या पगारातून जात होती. दादा चहा फार छान करतात आणि तो करताना बायकोची थट्टाही करतात. ही बाई दूध उतू गेल्याची तारीखसुद्धा लिहून ठेवते, तेव्हा आमच्याकडे खोटे बोलायची सोय नाही, असे त्यांनी मला कप हातात देता देता सांगितले. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, तिने लिहिले म्हणून तर तुझ्या लक्षात राहिले, मेल्या.

फेब्रुवारीत सेन्सर बसवायला एक इंजिनिअर आला. तिशीचा, हुशार, सतत काखेत टॅब. त्यामुळे दोन दिवसांत त्याचे नाव टॅबवाला पडले. वहिनींनी त्याला जागा दाखवायच्या, असे ठरले. म्हणजे स्वतःचे काम स्वतःच्या हाताने त्याच्या स्वाधीन करायचे. हे त्यांना माहीत होते. मी टिपण लिहिले त्याच दिवशी त्यांना सांगितले होते. त्यांनी तारीख विचारून घेतली आणि फेऱ्याची वेळ झाली म्हणून उठल्या.

पडद्यावरची पहिली मांडणी टॅबवाल्याने त्याच्या पद्धतीने केली. सगळी तापमाने एका पानावर, सगळे दाब दुसऱ्या पानावर, पाणी तिसऱ्यावर. प्रत्येक सेन्सरला बारा आकडी नंबर. वहिनींनी ते पाहिले आणि सहा नंबरचे मशीन कुठे आहे, असे विचारले. त्याने तीन पाने उघडून तीन ठिकाणी बोट ठेवले.

“माणूस आजारी पडला तर ताप एका घरात आणि खोकला दुसऱ्या घरात बघता का हो?” वहिनींनी विचारले.

दुसऱ्या दिवशी त्याने एका मशिनचा एक चौकोन, त्यातच त्याचे तापमान, वाफ आणि पाणी, अशी मांडणी करून आणली. चौकोनांचा क्रमही वहिनींच्या फेऱ्याचा ठेवला, दारापासून बॉयलरपर्यंत. बारा आकडी नंबरांच्या जागी कामगार वापरतात ती साधी नावे आली.

पुढची अडचण धोक्याच्या सूचनांची होती. पहिल्या दिवशी पडदा चारशे बारा वेळा वाजला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी आवाजच बंद केला. सगळ्या मशिनांना एकच मर्यादा दिल्याचा हा परिणाम होता. वहिनींनी अकरा वर्षांच्या वह्या आणल्या आणि चार दिवस टॅबवाल्याशेजारी बसून प्रत्येक मशिनची वेगळी मर्यादा ठरवली. सुकवण्याचे तिसरे मशीन नेहमीच सहा अंश जास्त दाखवते, कारण त्याच्या मागून वाफेचा पाइप जातो. बॉयलरचा दाब दुपारी जेवणाच्या सुट्टीत उतरतो, ते दुखणे नव्हे. अशा बारीकसारीक गोष्टी. शुक्रवारी पडदा दिवसभरात नऊ वेळा वाजला आणि नऊही वेळा कारण खरे निघाले. टॅबवाला त्यांना गुरू म्हणू लागला. मालकांनी पाठ थोपटली. ३१ मार्च मात्र जिथल्या तिथे होता.

१६ मार्चला सकाळी साडेदहाला वहिनी माझ्याकडे आल्या. नोकरी संपताना लागणाऱ्या कागदांवर सह्या करायच्या होत्या. त्यातला एक कागद मला सापडेना. मी कपाट उपसत होतो आणि त्या समोरच्या खुर्चीत बसून पडद्याकडे पाहत होत्या. पाच-दहा मिनिटांनी त्यांनी विचारले की, धुण्याचं चार नंबर मशीन कोण चालवतंय. मी नाव सांगितले. आणखी काही वेळाने त्या उठून पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, मी बसल्यापासून चार नंबर एक्काहत्तर पॉइंट चार आहे.”

चादरी जंतुमुक्त व्हायला पाणी सत्तरच्या वर तापावे लागते, तेव्हा एक्काहत्तर म्हणजे उत्तमच, असे मी म्हणालो. चौकोन हिरवागार होता. टॅबवाला शेजारच्या टेबलावर होता. त्यानेही हिरवे आहे म्हणून निर्वाळा दिला.

“पंचवीस मिनिटं झाली,” वहिनी म्हणाल्या. “गरम पाणी पंधरा मिनिटंच ठेवतात. मग ते सोडून गार भरतात. आकडा खाली यायला हवा होता. तुमचा डॅशबोर्ड वरचाच आकडा खाली उतरवतोय.”

टॅबवाल्याने मागची नोंद उघडली. आठ वीसपासून एकसारखी सरळ रेघ होती. त्याचा चेहरा उतरला. भिंतीवरच्या ज्या पेटीत चार नंबरची वायर येते, तिच्याशी संपर्क तुटला होता. संपर्क तुटला की शेवटचा आकडा तसाच ठेवायचा, अशी त्या डॅशबोर्डची रीत होती. गिऱ्हाइकांना कोरा चौकोन आवडत नाही, असे त्याने खालमानेने सांगितले.

वहिनी तोवर साधा पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन खाली पोचल्या होत्या. चार नंबर गरम पाण्याच्या टप्प्यात होते. पारा अठ्ठावन्नवर थांबला. वाफेचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडत होता. कधीपासून, हे सांगणारे कुणी नव्हते, कारण पडदा लागल्यापासून फेरे बंद केले होते आणि त्या दिवशी फेरा कुणीच मारला नव्हता.

आठ वीसनंतर चार नंबरमधून निघालेला माल सहा गठ्ठ्यांत बांधून गाडीत चढला होता. गाडी पावणेअकराला आमच्या सर्वांत मोठ्या हॉस्पिटलकडे निघाली होती आणि त्याच हॉस्पिटलचे लोक कराराच्या नूतनीकरणासाठी दोन दिवसांनी पाहणीला येणार होते. मालक खाली आले. सगळे ऐकून घेतले. व्हॉल्व्ह कदाचित आत्ताच बिघडला असेल, मग उगाच आपल्या तोंडाने कशाला सांगायचे, असे ते अर्धे स्वतःशी आणि अर्धे माझ्याशी बोलले. मी गप्प राहिलो. ते मला आजही आवडलेले नाही.

“मालक, पडद्यावर एक्काहत्तर आहे आणि मी पाहिलंय अठ्ठावन्न,” वहिनी म्हणाल्या. “करार टिकला तर तुमचा. पंधरा दिवसांनी मी नसणार. पण आज माझ्या वहीत मी काय लिहू, ते सांगा.”

मालकांनी कपाळावरून हात फिरवला. “पाहिलं ते लिहा. आणि गाडी थांबवा.”

ड्रायव्हर गाडी चालवताना फोन उचलत नाही, हा नियम मालकांनीच केलेला. वहिनी रस्त्यावर गेल्या, रिक्षा थांबवली आणि बसल्या. त्या हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी पोचल्या तेव्हा चार गठ्ठे उतरले होते. त्यांनी भांडारप्रमुखाला काय झाले ते जसेच्या तसे सांगितले. चिठ्ठीवर चार नंबर असलेले सहाही गठ्ठे बाजूला काढून घेतले आणि आमच्याच गाडीत, ड्रायव्हरशेजारी बसून परत आल्या. ड्रायव्हर पुढे आठवडाभर सांगत होता की, येताना वहिनी एकच वाक्य बोलल्या, पुढच्या खड्ड्याबद्दल.

१८ तारखेला पाहणीला तिघे आले. ते पडद्यासमोर उभे राहिले आणि गठ्ठे परत नेणाऱ्या बाई कुठल्या, असे विचारले. वहिनींनी त्यांना नवा नियम दाखवला. तो त्यांनी टॅबवाल्याकडून आदल्या दिवशीच करून घेतला होता. एखाद्या सेन्सरकडून पाच मिनिटे खबर आली नाही की आकडा जातो, चौकोन राखाडी होतो आणि कुणीतरी उठून बघायला जातो. त्या वेळी पडद्यावर एक चौकोन राखाडीच होता. मालक अस्वस्थ झाले. पाहुण्यांनी तो का, म्हणून विचारले.

“तिथलं मला आत्ता माहीत नाही,” वहिनी म्हणाल्या. “चला, बघून येऊ.”

तिघेही त्यांच्यामागून गेले. करार दोन वर्षांसाठी झाला.

मालकांनी मला माझे टिपण फाडायला सांगितले. मी कागद फाडत नाही. त्यावर आडवी रेघ मारून खाली ‘रद्द’ लिहिले आणि तारखेसह सही केली. वहिनी आता डॅशबोर्डच्या प्रमुख आहेत. पगार अडीच हजारांनी वाढला. दिवसातून दोन फेरे वहीसकट चालू राहतील, ही त्यांची एकच अट होती. टॅबवाला इतर कारखान्यांत तो राखाडी चौकोन बसवतो आणि मधूनमधून त्यांना फोन करतो.

एक बाब राहिली आहे. १६ मार्चच्या रिक्षाचे एकशे चाळीस रुपये वहिनींनी स्वतःच्या पर्समधून दिले. रिक्षावाल्याने पावती दिली नाही आणि पावतीशिवाय व्हाउचरवर सही करायला वहिनी तयार नाहीत. ते एकशे चाळीस रुपये कंपनीकडून त्यांना अजून येणे आहेत.