चंद्रप्रभाबाईंची चुकलेली पट्टी

चंद्रप्रभा देवधर मला साक्षीदार म्हणून लखनौच्या हजरतगंजमधल्या हॉटेलात घेऊन निघाल्या, तेव्हा ऑटोतून हातभर लोखंड बाहेर डोकावत होतं. रुळांमधलं अंतर मोजायची ती पट्टी. "सही करायला हिचं काय काम?" मी विचारलं. बाईंनी नुसते डोळे वटारले. मानक नगरात आम्ही वीस वर्षं शेजारी, तेव्हा मी सरकून पट्टीला जागा करून दिली.

रेल्वेत इंजिनिअर असलेले यजमान गेल्यावर बाईंनी बख्शी का तालाबजवळ शेड टाकून या पट्ट्या बनवायला घेतल्या. कारागीर अकरा, त्यातल्या एक त्या स्वतः. नियम एकच: जो पट्टी करील त्याने तिच्यावर आपलं अक्षर ठोकायचं. जगदीशचा ज, बाईंचा च. पट्टी चुकली तर ज्याचं अक्षर त्यानेच ती नीट करून पोहोचवायची.

आता एका परदेशी कंपनीला हा कारखाना विकत हवा होता. मुलगा अमोघ तयार होता. बाईही अर्ध्या तयार होत्या. गुडघे फार दुखायचे, खोटं कशाला सांगू?

करारात 'देवधर' हे नाव राहणार होतं. माणसं आणि अक्षरं मात्र जाणार होती.

"आंटी, ब्रँड तो आप ही का रहेगा," हॉटेलात कंपनीचा ऋषभ गोड हसून म्हणाला. त्याची मानगूट धरावी असं मला वाटलं.

बाईंनी पट्टी टेबलावर आडवी टाकली. अमोघसमोरच्या कपबशा खणखणल्या.

"ये मैंने बिगाड़ी थी. पूरे दो मिलीमीटर. पटरी पर काम करने वाला आदमी शेड में आकर बोला, 'च' वाली कौन है? मुझे सबके सामने हाथ उठाना पड़ा, नई बनाकर पहुँचानी पड़ी. आपकी बिगड़ेगी तो वो किसको ढूँढेगा?"

"टोल-फ्री नंबर है, आंटी."

"अमोघ, ऊठ."

"आई, सोच लो यार..."

"महिनाभर विचारच करतेय. ऊठ म्हटलं ना!"

ऋषभचं हसू मावळलं. "अगले साल हम यही चीज़ आधे दाम में बनाएँगे. आप टिक नहीं पाएँगी."

"ज़रूर बनाइए," बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बस, जिसने बनाई उसका अक्षर ठोक दीजिएगा."

ऋषभने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकील कागद चाळत राहिला. अमोघने पट्टीचं दुसरं टोक उचललं.