रॉटरडॅमला केलेली तार

आमचे हे मालवाहू बोटीवर इंजिनखात्यात होते. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं धरली, तर ते चार महिनेसुद्धा घरी नसतील. त्यांची बोट बहुतेक वेळा हॉलंडमधल्या रॉटरडॅमला जायची. आम्हा बायकांना नवऱ्याचं नाव उच्चारायची चोरी, त्यामुळे पाणवठ्यावर मला सगळ्या विचारायच्या, "काय गं, रॉटरडॅम काय म्हणतंय? पत्रबित्र?" मीही म्हणायची, "रॉटरडॅमला सर्दी झालीय."

सुरुवातीला हे नाव माझ्या जिभेवर बसत नव्हतं. मी राटरडाम म्हणायची. एका रजेत ह्यांनी मला ओट्यावर बसवून शिकवलं. म्हणाले, "पहिल्या अक्षरावर जोर दे, पुढचं झटकन म्हण. रॉटरडॅम. हे इंग्रजी झालं. तिथले लोक शेवटावर जोर देतात आणि 'र' घशातून काढतात, गुळण्या केल्यासारखा."

"मग खरं कुठलं?"

"तुला कुठं तिथं राहायला जायचंय? इंग्रजी पुरे."

मी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, म्हणजे माझ्या वाट्याला आलंच नाही. हे बोटीवर परत गेल्यावर मी विहिरीवर दोर ओढताना म्हणायची, रॉ, टर, डॅम. तीन ओढींत बादली निम्म्यावर येई. माणसांसमोर मात्र मला साधं मराठीसुद्धा धड बोलता यायचं नाही. दुकानात गेले तरी जिन्नस बोटानं दाखवायची.

मी पत्रं लिहायची, पण ती सासूबाई सांगतील तशी. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता शाळेतले गुरुजी घालून देत. त्यांना वाचता येत नसे, म्हणून लिहून झालं की मला पूर्ण मोठ्यानं वाचून दाखवावं लागे. भात किती झालं, गाय व्याली, इकडे सर्व क्षेम. त्यात माझं स्वतःचं काय घालणार? एकदा शेवटी 'वाट पाहते' असं लिहिलं होतं आणि वाचताना ते गाळलं, तर दोन दिवस चोरी केल्यासारखं वाटत होतं.

एका वर्षी सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी जवळच्याच नेऱ्याला गेल्या होत्या. घरात मी एकटी. एका गुरुवारी सकाळी पत्र आलं. बोट रॉटरडॅमला दुरुस्तीला लागली होती आणि ह्यांचा करार संपत होता. त्याच शनिवारी पुन्हा सही केली तर आणखी पुरं वर्ष बाहेर, नाही केली तर बोटीवरून उतरून घरी. पुढे लिहिलं होतं, 'तुझ्या पत्रांवरून मला काहीच कळत नाही. तू म्हणशील तसं करीन. तार कर. बोटीचं नाव आणि गाव घातलंस की पोचेल. तार आली नाही तर सही करतो.'

मी पत्र तीनदा वाचलं. मग बोटीचं नाव आणि रॉटरडॅम असं कागदावर मराठीत लिहिलं, लुगडं बदललं आणि पोस्टात गेले.

तारेच्या खिडकीत नवीन बदलून आलेले मास्तर होते. माझ्यामागे चार-पाच माणसं. मास्तरांनी कागद वाचला. "हे कुठं आलं?"

"हॉलंडात," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं नाही.

त्यांनी एक जाडजूड पुस्तक काढून पानं उलटली. "हां, सापडलं. ॲमस्टरडॅम."

तार भलत्या गावी गेली की शनिवारी सही झालीच म्हणायची.

"ते नाही. रॉटरडॅम."

"अहो बाई, डॅमच ना?"

"नाही! रॉटरडॅम!" एवढ्या मोठ्यानं मी त्याआधी आयुष्यात बोलले नसेन. मास्तरांनी निमूटपणे आणखी पानं उलटली आणि ते सापडलं. ते रॉटरड्याम म्हणाले. ते चुकीचं होतं, पण मी सोडून दिलं.

"बरं. तार कुणाच्या नावानं?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बोटीचं नाव आणलं होतं, गावाचं आणलं होतं, माणसाचं नव्हतं.

"बोटीवर पन्नास माणसं असतील. कुणाला द्यायची?"

"त्यांना."

"त्यांना म्हणजे?"

मी खाली बघत उभी. लिहून द्यायलाही हात होईना. सासूबाईंच्या मते लिहिणं आणि बोलणं एकच. मागे टोपली घेऊन उभी असलेली कोळीण पुढे सरकली. "ओ मास्तर, तुमी लगीन केलाय का नाय? ती नवऱ्याचा नाव तोंडानं कशी सांगल? तिला नाव घेवाला सांगा!"

सगळे हसले. मास्तरही हसले आणि त्यांनी टाक शाईत बुडवला. "घ्या बाई नाव. पण हळू घ्या, मला लिहायचंय."

मला पाठ असलेले सगळे उखाणे त्या क्षणी डोक्यातून पळाले. मी खिडकीचा गज धरला आणि तोंडाला येईल ते म्हटलं,

"समुद्रापल्याड बंदर, रॉटरडॅम त्याचं नाव,
—रावांनी परत यावं, पनवेल त्यांचं गाव."

कोळणीनं टोपली खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "आणि मजकूर?"

मी म्हटलं, "तो त्यातच आला की."

त्यांनी इंग्रजीत एकच शब्द लिहिला. म्हणाले, "कम. म्हणजे ये. चालेल?"

मी मान हलवली.

सासूबाई नेऱ्याहून परत आल्या तोवर ही गोष्ट बाजारभर झाली होती. पिशवीही खाली न ठेवता त्यांनी विचारलं, "पोस्टान नाव घेतलास म्हनं? न् मना कंदी ऐकवला नाय तो!" मला त्यांच्यासमोर तो उखाणा पुन्हा म्हणावा लागला. तारेचं मात्र त्या काही बोलल्या नाहीत. फक्त माळ्यावरची जादा गादी काढून उन्हात टाकली.

महिन्याभरानं हे आले. ट्रंक ओसरीवर ठेवली, हातपाय धुतले. सासूबाई चहा ठेवायला आत गेल्यावर हळूच म्हणाले, "तार शुक्रवारी मिळाली. 'ये' एवढंच लिहिलं होतंस. का, ते नव्हतं लिहिलं."

तेव्हा मी का ते सांगितलं. ते इथे लिहीत नाही.