फॉर्मात नसलेला प्रश्न

कस्तुराबाईंना गप्प बसवणं हे काही खायचं काम नव्हे, पण एका फॉर्मानं ते करून दाखवलं होतं. बाई मूळच्या निपाणीच्या, बेंगळुरात येऊन एकतीस वर्षं झालेली, बोलणं अर्धं मराठी अर्धं कन्नड. साठीला आल्यावर त्यांना दवाखान्यातल्या एका अभ्यासात काम मिळालं. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या कामगारांच्या बायकांना बाळंतपणानंतर ताप का येतो, याचा तो अभ्यास. दर तिसऱ्या दिवशी बाळंतिणीला फोन करायचा, अकरा प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची. बारावा प्रश्न विचारायचा नाही आणि सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. "सल्ला दिलात की अभ्यास बिघडला, अक्का," असं रघुनंदन डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी वर्षभर जीभ चावून नियम पाळला.

त्या मंगळवारी सोनमचा बाळंतपणानंतरचा अकरावा दिवस होता. बावीस वर्षांची पोर, नवरा सुरज लेथवर कामाला. एरवी फोनवर नुसती चिवचिव. आज मात्र प्रत्येक उत्तराआधी थांबत होती.

ताप? नाही. रक्त जास्त जातंय? नाही. टाके दुखतात? नाही. अकराच्या अकरा नाही. फॉर्म कसा अगदी स्वच्छ! बाई "सरी, बरं, ठेवते" म्हणणार तोच सोनम म्हणाली, "अक्का, डोकं फुटतंय ओ. चार दिस झाले."

मागून तिच्या सासूचा, अंबुबाईंचा आवाज आला, "बाळंतिणीचं डोकं दुखतंयच. कान बांध आणि पड गप." फोन बंद झाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हे वाक्य त्यांनी चौदा वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि ते बोलणाऱ्या त्या स्वतःच होत्या. त्यांची लेक उल्का तेव्हा बाळंतीण होती. डोकं धरून रडायची. अकराव्या दिवशी तिला झटका आला आणि उजवा हात गेला तो गेलाच. सगळे म्हणाले, वात झाला. बाईंनीही तेच मानलं. मग गेल्या वर्षी, या कामाच्या शिकवणीत, रघुनंदन डॉक्टर सहज बोलता बोलता सांगून गेले, की बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठतं. त्यात आपल्याकडे बाळंतिणीला प्यायचं पाणी तोडतात. मग क्वचित कुणाच्या मेंदूतल्या शिरेत गुठळी होते. बाकीच्या मुली वहीत लिहून घेत होत्या. बाई उठून संडासात गेल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. पोट सुटेल, टाक्यांत पाणी होईल म्हणून उल्काच्या उशाचा तांब्या उचलून त्यांनीच वरच्या फळीवर ठेवला होता. हे त्यांनी उल्काला अजून सांगितलं नव्हतं.

गेला खड्ड्यात फॉर्म! बाईंनी परत फोन लावला.

"सोनम, दिवसाला पाणी किती पितेस गं?"

"दोन फुलपात्रं. जास्त देत नाहीत."

"उलटी झाली?"

"सकाळी दोनदा."

"डाव्या हातात धर बघू फोन."

पलीकडे खळ्ळकन आवाज झाला. फोन पडला होता. बाळ रडत होतं आणि सोनम काही बोलत नव्हती.

बाई धावल्या. रघुनंदन डॉक्टर दार लावून मीटिंगमध्ये बसले होते. बाईंनी दार ढकललं. "डॉक्टर, नियम मोडलाय मी. काय ओरडायचं ते मागनं ओरडा. आधी अँब्युलन्स." डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि खुर्ची सरकवून उठले.

बाईंना घेऊन निघालेली अँब्युलन्स तुमकूर रस्त्यावर एका उड्डाणपुलाखाली वीस मिनिटं अडकली. बाई सारखा फोन लावत होत्या, कुणी उचलत नव्हतं. त्यांना दर मिनिटाला उल्काचा वाकडा झालेला हात दिसत होता.

सोनमच्या खोलीच्या दारात अंबुबाई आडव्या उभ्या राहिल्या. "ओल्या बाळंतिणीला बाहेर काढताय? उद्या बारसं आहे. बाधा झाली तर तुमचा दवाखाना निस्तरणार काय?" आत खिडक्या बंद, शेगडी पेटलेली, धुरानं डोळे चुरचुरत होते. सोनम कानाला फडकं बांधून पडली होती. डावा हात उलटा पडला होता, तो सरळ करायचंही तिला सुचत नव्हतं.

बाईंच्या जिभेवर सणसणीत शिवी आली होती, ती त्यांनी गिळली. "अंबुबाई, ह्यात तुमचं एकटीचं काही नाही. मीसुद्धा लेकीचा तांब्या उचलून ठेवला होता. माझ्या लेकीचा हात गेला. चौदा वर्षं झाली, ती डाव्या हातानं जेवते. सरका बाजूला."

अंबुबाई बाजूला सरकल्या. मग त्यांनीच सुनेच्या स्ट्रेचरची पायाकडची बाजू धरली.

वाटेत सोनमला झटका आला. दवाखान्यात स्कॅन झाला, गुठळी सापडली, इंजेक्शनं सुरू झाली. तीन दिवस डॉक्टर "बघू" याखेरीज काही बोलेनात. चौथ्या दिवशी सोनमनं डाव्या हाताची बोटं मिटली आणि अंबुबाई वॉर्डात सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडल्या. रघुनंदन डॉक्टर बाईंना ओरडले नाहीत. फॉर्मात मात्र दोन प्रश्न वाढले, एक डोकेदुखीचा आणि एक पाण्याचा.

त्या संध्याकाळी उल्का ओट्यापाशी डाव्या हातानं कोथिंबीर निवडत होती. बाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. तांब्या, फळी, गुठळी, सगळं. "माझ्यामुळं गेला गं तुझा हात," म्हणाल्या आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

उल्कानं काडी बाजूला टाकली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तेव्हाच डॉक्टरनी विचारलं होतं, पाणी किती पीत होतीस? मी सांगितलं, हवं तेवढं."

"खोटं का बोललीस?"

"तू दाराबाहेरच उभी होतीस, आई. खरं सांगितलं असतं तर तुला ऐकू गेलं असतं."