माझ्या वाट्याची रम

ऑगस्टमध्ये आमची पूर-मदत तुकडी वाराणसीत उतरली. चार बोटी, तीस जवान, वर सुभेदार मोरे साहेब. मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये हवालदार होतो. शांतवन साळवे, राहुरी तालुका. आमचा तळ राजघाटाजवळच्या एका शाळेत होता.

पहिल्या सकाळी नदीवर गेलो तर घाट दिसेनात. पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या. तपकिरी पाणी घरांच्या भिंतींना घासत वेगाने चाललं होतं आणि त्याचा आवाज येत नव्हता. मणिकर्णिकेवर चितेसाठी रचलेली लाकडं पाण्याने उचलली होती. ती शिंदे घाट, भोसले घाट ओलांडून एकेक करत खाली येत. माझा बोट ऑपरेटर नाईक भगवान ढोणे म्हणाला, "पाद्री, यातलं प्रत्येक लाकूड कुणाच्या तरी नावचं आहे. अंगावर घेऊ नकोस."

पाद्री म्हणजे मी. भरतीला निघालो त्या रविवारी गावच्या चर्चमध्ये वेदीपुढे उभा राहून मी शपथ घेतली होती की दारूला शिवणार नाही. माझे वडील दारूनेच गेले. ही शपथ मी सोळा वर्षांच्या नोकरीत एकदाही मोडली नाही. ते खरं आहे. पण पूर्ण खरं नाही.

फौजेत रम मिळते ती रांगेत. नाव पुकारलं जातं, पत्र्याचा मग पुढे करायचा, त्यात माप ओतलं जातं, तिथेच प्यायची. जो पीत नाही त्याने नको म्हणायचं, मग त्याचं माप बाटलीतच राहतं. सुरुवातीचं वर्षभर मी नको म्हणत राहिलो. रांगेत कोणी ना कोणी बोलायचंच. "स्वर्गातलं तिकीट पक्कं झालं का रे?" माझ्याशेजारी कोणी जेवायला बसत नसे. शेवटी एका संध्याकाळी मी माझा मग पुढे केला, माप घेतलं आणि वळून ढोणेच्या मगात ओतलं. रांग हसली. ढोणेने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून मी रांगेत कायम त्याच्या मागे. दोघांनाही बघावं लागत नसे, हात आपोआप जायचे. माझं तोंड स्वच्छ राहिलं आणि मी त्यांच्यातला झालो. मला वाटायचं, देवाला चालेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचपासून आम्ही पाण्यात होतो. रामनगरच्या बाजूने दोन फेऱ्या, मग गल्ल्यांमधून माणसं काढली. संध्याकाळी पाचला स्टँड डाऊन, म्हणजे आमचं दिवसाचं काम थांबलं. सगळे भिजून कुडकुडत होते म्हणून सव्वापाचला रम इश्यू झाली. ढोणेने स्वतःची घेतली. मग माझी.

पाच पन्नासला वायरलेस सेटवर कॉल आला. भोसले घाटामागच्या गल्लीत एक मराठी कुटुंब अडकलं होतं. म्हाताऱ्या आईला धाप लागलेली, ऑक्सिजनचा सिलिंडर संपत आलेला. अंधार पडायला तासही उरला नव्हता. बाकीचे ऑपरेटर अजून रामनगरला होते, त्यांना यायला अर्धा तास लागणार होता.

मोरे साहेब ढोणेसमोर उभे राहिले. "किती घेतलीस?"

"एक, साहेब. सगळ्यांबरोबर."

साहेब माझ्याकडे वळले. "साळवे, तू सांग. तू पीत नाहीस."

मागे रांगेतली मुलं उभी होती. सगळ्यांना ठाऊक होतं. मी 'दोन' म्हणालो असतो तर पुन्हा तोच एकटा पाद्री, वर चहाडखोर.

"एकच, साहेब."

"जा."

बोटीत मी पुढे हूक घेऊन, ढोणे मागे इंजिनवर. त्याच्या लाइफ जॅकेटचे पट्टे सुटे होते. मी म्हणालो, "बांध की." तो म्हणाला, "बांधतो रे, तुझी वेदी नाहीये ही." आणि हसला.

सहा वाजून दहा मिनिटांनी घर सापडलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून मुलगा ओरडत होता, "अहो, जल्दी करा! आईला सांस घेता येत नाहीये!" मी खिडकीच्या गजाकडे हूक टाकणार तेवढ्यात प्रवाहात वरून एक लाकूड येताना दिसलं. माणसाच्या मांडीएवढं जाड.

"ढोणे! डावीकडे घे!"

त्याने घेतलं. पण एक श्वास उशिरा. इतर दिवशी तो माझ्या ओरडण्याआधीच वळायचा. लाकूड बोटीच्या मागच्या अंगाला बसलं, बोट दगडी कोपऱ्यावर आदळली, इंजिन बंद पडलं. मी गज धरला. मागे बघितलं तर जागा रिकामी. जॅकेट पाण्यावर होतं. त्यात तो नव्हता.

"कंट्रोल, अल्फा टू. मॅन ओव्हरबोर्ड. ओव्हर."

"अल्फा टू, से अगेन."

मी पुन्हा सांगितलं. सहा चाळीसला दुसरी बोट आली, तोपर्यंत मी त्या गजाला धरून होतो. आतून म्हातारी धापा टाकत विचारत होती, "तुमच्याबरोबरचा कुठे गेला, बाळा?" ती वाचली. ढोणे त्यानंतर चौथ्या दिवशी सापडला, बराच खाली.

चौकशीत मेजर साहेबांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला. मी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्यांनी वर पाहिलं, म्हणाले, "तू तर पीतच नाहीस ना," आणि पान उलटलं. न पिणाऱ्याच्या शब्दावर कोणी शंका घेत नाही. सोळा वर्षं पाळलेली शपथ मी त्या टेबलावर खोटेपणासाठी वापरली.

निवृत्त होऊन गावी आलो. दरवर्षी व्यसनमुक्तीच्या रविवारी पाळकसाहेब मला साक्ष द्यायला उभं करतात. फौजेत राहूनही दारूला न शिवलेला माणूस. चार वर्षं मी ती साक्ष दिली. यंदा नाही म्हणालो, आणि ढोणेच्या घरी जायला परभणीची गाडी धरली.

ढोणेच्या बायकोने चहा दिला. मी माझ्या वाट्याचं सांगायला लागलो तर ती म्हणाली, "ते ठावं हाय मला, भाऊजी. सुट्टीवर आले की सांगायचे, पाद्रीचा वाटा माझाच असतो म्हणून. हसायचे." मग तिने विचारलं, "पर साहेबानं तुमाला इचारलं व्हतं का?"

"विचारलं होतं."

"आन् तुमी?"

मी सांगितलं. ती उठून दारात गेली, पाठमोरी उभी राहिली. मी म्हणालो, वहिनी, मला हे लिहायचंय, पण त्याच्या नावाला डाग लागेल. ती न वळता म्हणाली, "त्यांचं लिवू नका. ते तर गेले बाईला आणाया. तुमी काय बोललात त्येवढं लिवा. आन् नाव पुरं लिवा त्यांचं."

नाईक भगवान किसनराव ढोणे. बोट ऑपरेटर. हुकूम मिळाला आणि गेला.

मोरे साहेब, तुम्ही विचारलं होतं, किती.

दोन, साहेब. दुसरी माझी होती.