आईची कुरकुर आणि खालच्या काकूंची जपानी

आई नागपूरहून माझ्याकडे अमेरिकेत, सनीव्हेलला आली आणि आठवड्याभरात तिला इथल्या प्रत्येक गोष्टीत खोट सापडली. इलेक्ट्रिक शेगडीवर भाकरी फुगत नाही. बाल्कनीत कपडे वाळत घालू देत नाहीत. दिवसभर माणूस दिसत नाही. मी इंजिनिअर, बिघाड कळला की दुरुस्त करायचा एवढंच मला येतं. भाकरीसाठी जाळी आणली, कपड्यांसाठी घडीचा स्टँड मागवला. आई म्हणाली, "जाळी डुगडुगते."

खालच्या मजल्यावर सत्तरीच्या जपानी काकू राहायच्या. इथल्या मुलांना जपानी शिकवून रिटायर झालेल्या. एका शनिवारी आम्ही तिघी लाँड्री रूममध्ये भेटलो. ड्रायरमधून कपडे ओलेच बाहेर आले होते. आई मराठीत सुरू झाली, काकू जपानीत. एकीचं दुसरीला अक्षरही कळत नव्हतं, तरी दोघींच्या माना अगदी वेळेवर हलत होत्या. मी ओशाळून काकूंना इंग्रजीत म्हटलं, 'कुरकुर' तेवढं मराठीतच राहिलं, "सॉरी, आईची कुरकुर चालूच असते."

"कुरकुर." काकूंनी शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "आम्ही म्हणतो बुत्सुबुत्सु."

आईला हे फार आवडलं. दुसऱ्या शनिवारी तिनं काकूंना चहाला बोलावलं आणि मला दुभाषी म्हणून बसवलं. काकूंनी 'नाकिगोतो' सांगितलं, म्हणजे रडण्याच्या गोष्टी. "रडगाणं," आईनं लगेच जोडी लावली. मग काकू म्हणाल्या, "मोंकु आणि गुची मात्र वेगळे. ड्रायर बिघडला म्हणून बिल्डिंगच्या ऑफिसात सांगायचं, ते मोंकु. त्यावर कुणीतरी काही करावं लागतं. गुचीवर काही करायचं नसतं, ऐकायचं फक्त." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी आई गुची करते आणि तू वस्तू आणतेस."

हे वाक्य मी आईला जरा उशिरानंच भाषांतर करून सांगितलं. तिनं काकूंच्या बशीत आणखी एक चकली ठेवली.

काकूंनी पेपर नॅपकिनवर गुचीची दोन अक्षरं काढली. "हा जुना बौद्ध शब्द. तीन विषांपैकी तिसरं."

आईचं अर्धं आयुष्य विहारात गेलेलं. तिनं बोटांवर मोजलं, "लोभ, द्वेष, मोह. म्हणजे बाप्पा, आपण दोघी हप्त्याला विष घेतो, अन् वरून चहा."

मी सांगितल्यावर काकू इतक्या हसल्या की त्यांना कप खाली ठेवावा लागला. सोमवारी त्या दोघी मोंकु घेऊन ऑफिसात गेल्या. चार दिवसांत ड्रायर बदलला.

पुढच्याच महिन्यात माझ्या मॅनेजरनं माझ्या सहा महिन्यांच्या कामाचं प्रेझेंटेशन दुसऱ्याला दिलं. एरवी मी घरी येऊन "सगळं ठीक" म्हटलं असतं. त्या संध्याकाळी बूटही न काढता मी सोफ्यावर बसले आणि बोलत सुटले. आई मेथी निवडत होती. "मग?" एवढंच अधूनमधून विचारायची, "अन् तो काय म्हणे?" ना सल्ला दिला, ना समजूत काढली. मेथी संपली तरी माझं संपेना, तेव्हा तिनं भाजी बाजूला सरकवली आणि माझ्याजवळ येऊन बसली.